त्या जगात पाणी कोण भरतं?

पडद्यावर नवं काल्पनिक जग उघडलं की माझी नजर राजाकडे जात नाही. आकाशात दोन चंद्र असोत, किल्ल्यावर ड्रॅगन बसलेला असो, मी शोधते ती त्या जगात पाणी भरणारी माणसं. भांडी कोण घासतं, दिव्यात तेल कोण घालतं, यानाच्या इंजिनाखाली आडवं पडून नट कोण आवळतं. ही माणसं दिसली की मी त्या मालिकेची झाले. मग तिचे भाग रात्र जागून बघते, महिन्याभराने पुन्हा बघते, स्टाफरूममध्ये कुणी विचारलं नाही तरी सांगते. ती दिसली नाहीत, तर कितीही आतषबाजी होऊ दे, दोन-तीन भागांत माझं मन उडतं.

हे वेड मला लावलं 'द एक्स्पान्स'ने. २०१५ साली सुरू झालेली ही मालिका जानेवारी २०२२ मध्ये संपली, पण तिच्यानंतर आलेली प्रत्येक विज्ञानमालिका मी तिच्याच मापाने मोजते. गोष्ट काही शतकांनंतरची. पृथ्वी आणि मंगळ या दोन मोठ्या सत्ता, आणि मंगळापलीकडे लघुग्रहांचा पट्टा. त्या पट्ट्यातल्या माणसांनी खडक फोडायचे, खनिज काढायचं, ते खाली पाठवायचं, आणि स्वतःसाठी पाणी आणि हवासुद्धा मोजून घ्यायची. अशा कथेची सुरुवात एखाद्या लढाऊ जहाजावर करता आली असती. मालिका सुरुवातीलाच आपल्याला नेते ती 'कँटरबरी' नावाच्या बर्फवाहू जहाजावर. शनीच्या कड्यांमधून बर्फ उचलायचा आणि पट्ट्यातल्या सेरेस या बटुग्रहावर नेऊन टाकायचा, एवढंच तिचं काम. जुनी, खडखडणारी, गंजकी. पहिल्याच भागात बर्फाचा एक प्रचंड तुकडा निसटतो आणि एका कामगाराचा हात जातो. त्याच्या सोबत्यांच्या बोलण्यात लगेच विषय येतो तो हा, की कंपनी आता त्याला कसला कृत्रिम हात देणार, बरा की भंगारातला.

ते बघताना मी खुर्चीत सरसावून बसले, कारण माझे बाबा बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर होते.

बाबा मूळचे दोडामार्गकडचे. खाणी जोरात होत्या तेव्हा कामासाठी गोव्यातल्या डिचोलीत आले आणि इथलेच झाले. आमोण्याकडच्या धक्क्यांवर ट्रक येऊन खनिज ओतायचे, तिथून बार्ज भरून मांडवीने खाली जायची, पणजीच्या पुलांखालून बाहेर, मग आग्वादचं तोंड ओलांडून मुरगाव बंदर. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि दर्या खवळलेला. तेव्हा ती वाट बंद व्हायची आणि बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव गाठायच्या. पणजीच्या पुलावरून जाणाऱ्याला बार्ज दिसे, तांबडा ढीग दिसे. वर माणसं असतात, ती तिथेच भात शिजवतात, भिजतात, झोपतात, हे फारसं कुणाच्या मनात येत नसे. आमच्या घरी मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक आईला तोंडपाठ होतं, कारण बाबा जेवायला कधी येणार ते त्यावर ठरे.

म्हणून 'कँटरबरी'वरची माणसं मला परकी वाटली नाहीत. त्यातून मालिकेने पट्ट्यातल्या माणसांचं जग इतक्या बारकाईने रचलंय की बघत राहावं. कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्यामुळे ती उंच, काटकुळी झालेली. त्यांच्यातल्या एकाला पृथ्वीवर आणून नुसतं टांगून ठेवतात, आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण हाच त्याचा छळ होतो. फटका नाही, शस्त्र नाही, फक्त आपण रोज ज्यावर उभे असतो ते ओढणारं बळ. त्यांच्या मानेवर गोंदण असतं ते जुन्या अवकाशपोशाखांच्या शिरस्त्राणांनी पाडलेल्या वळांची आठवण म्हणून. बोलताना ती हातांनी खूप खुणा करतात, कारण पोशाखात असताना चेहरा दिसत नाही, मान हललेली कळत नाही. त्यांची मिश्र बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने या मालिकेसाठी घडवली. बाबांच्या बार्जवर इंजिनाच्या आवाजात हाक पोचायची नाही. दोर सोडा, दोर धरा, थांबा, पुढे या, सगळं हातांनी. नाकाडीवरचा माणूस हात उचलायचा आणि मागचा त्याप्रमाणे वागायचा. बाबा अजूनही मला स्वयंपाकघराच्या दारातून 'चहा नको' हे तसंच सांगतात.

या मालिकेतलं भौतिकशास्त्र हे माझं दुसरं प्रेम. मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला गतीचे नियम शिकवताना मुलं माना डोलावतात, पण बळ आणि वेग यांची गल्लत काही सुटत नाही. मग मी 'एक्स्पान्स'मधलं यान फळ्यावर काढते. निम्मी वाट ते इंजिन पेटवून वेग वाढवत जातं. मध्यावर इंजिन बंद, आणि सगळं यान उलटं फिरतं, शेपूट पुढे. मग पुन्हा इंजिन पेटवायचं आणि उरलेली निम्मी वाट वेग कमी करत जायचं. नाहीतर थांबणार कसं, अवकाशात ब्रेक कुठे? आणि इंजिन चालू असेपर्यंत आतल्या माणसांना पाय टेकायला जमीन मिळते, कारण त्वरणच गुरुत्वाकर्षणाचं काम करतं. म्हणून त्यांच्या यानांचे मजले इमारतीसारखे एकावर एक रचलेले असतात, विमानासारखे लांबट नसतात. हे सांगितलं की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा विचारतो, "टीचर, यान उलटं फिरत असताना आतली माणसं तरंगतात काय?" तरंगतात! त्या एका प्रश्नासाठी माझा तास सार्थकी लागतो. मालिकेची धुरा सांभाळणारे नरेन शंकर हे कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेट मिळवलेले. तो अभ्यास पडद्यावर जागोजागी दिसतो आणि तरीही कुठे व्याख्यान होत नाही.

२०१८ मध्ये तिसऱ्या सीझननंतर वाहिनीने ही मालिका बंद करायचं ठरवलं तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून, मालिका वाचवा असा फलक लावलेलं विमान अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फिरवलं. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या एका अवकाश परिषदेत अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी मालिका वाचवल्याची घोषणा केली. पुढे आणखी तीन सीझन झाले. पट्ट्यातल्या कामगारांच्या गोष्टीसाठी जगभरच्या अनोळखी माणसांनी विमान उडवलं, हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

आता 'अँडॉर'. मालिका इंग्रजीत, तेव्हा ही मी बाबांना शेजारी बसवून, थांबवून थांबवून, मालवणीत सांगत दाखवली. टोनी गिलरॉय यांनी रचलेली ही मालिका २०२२ मध्ये आली आणि २०२५ च्या मेमध्ये तिचा दुसरा आणि शेवटचा सीझन संपला. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातली असून तिच्यात तलवारीसारखे प्रकाशदंड फिरवणारं कुणी नाही. फेरिक्स नावाचं एक गाव आहे, भंगार फोडून पोट भरणाऱ्यांचं. तिथे एका भिंतीवर कामगारांचे हातमोजे टांगलेले असतात. सकाळी आपला जोड काढायचा, संध्याकाळी परत अडकवायचा. मृताच्या राखेची वीट करून गावाच्या भिंतीत बसवायची, ही त्यांची रीत. हे गाव त्यांनी खरोखर बांधून उभं केलं होतं, आणि ते कळतं. भिंतींना हात लावला तर हाताला काजळी लागेल असं ते गाव आहे.

पहिल्या सीझनच्या मध्यावर कथानायक तुरुंगात पडतो. नार्किना ५. पाण्याच्या मधोमध उभी पांढरीशुभ्र इमारत, आत कैदी अनवाणी, कारण जमिनीतून विजेचा धक्का देता येतो. बारा तासांची पाळी. एका दालनात सात टेबलं, टेबलावर सात माणसं. यंत्राचे कसले तरी भाग जोडायचे. कशाचे ते सांगत नाहीत. जे टेबल मागे पडेल त्याला शॉक, जे पुढे जाईल त्याच्या जेवणाला चव. पहारेकरी क्वचितच दिसतात, कारण एकमेकांवर नजर ठेवायचं काम कैदीच करतात. किनो लॉय हा त्यांच्यातलाच मुकादम, अँडी सर्किसने केलेला. आधी तो मालकाच्या बाजूचा वाटतो. मग त्याला कळतं की शिक्षा संपलेल्यांनाही सोडत नाहीत, नुसतं दुसऱ्या मजल्यावर हलवतात. तिथून त्या माणसाचा आवाजच बदलतो. शेवटी बंड होतं, पाच हजार कैदी धावत सुटतात, इमारतीच्या कडेवरून खाली पाण्यात उड्या टाकायला लागतात, आणि ज्याने सगळ्यांना इथवर आणलं तो किनो कडेवर थबकतो. त्याला पोहता येत नाही.

मी हे सांगितलं. बाबा पुढे झुकले.

"ह्येका पोवाक येणा नाय?"

"नाय."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळ्यांका भायर काढल्यान, आणि आपण रवलो." आणि मला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितलं. पुढे कितीतरी दिवस जेवताना त्यांचा विषय तोच. तो मागाहून सापडला काय, त्याच्या घरच्यांना कुणी कळवलं काय. मालिकेने हे दाखवलेलं नाही, मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते अशा माणसाचं काय झालं ते बघणाऱ्याला सांगायलाच हवं. मला उलट वाटतं. ते न सांगितल्यामुळेच किनो डोक्यातून जात नाही. या मुद्द्यावर आमचं आजही एकमत नाही.

दुसऱ्या सीझनच्या लेखनासाठी डॅन गिलरॉय यांना २०२५ चं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं, सिनेटमधल्या भाषणाच्या भागासाठी. तो भाग उत्तम आहेच. पण माझ्यासाठी 'अँडॉर' म्हणजे हातमोज्यांची भिंत.

स्टाफरूममध्ये मला कधीमधी ऐकावं लागतं, "टीचर, तुम्ही विज्ञानाच्या, आणि हे राक्षस नि ड्रॅगन काय बघता?" प्रश्न प्रेमाचा असतो, उत्तरही मी प्रेमानेच देते. आपण तर रात्र रात्र जागून राक्षस बघणारी माणसं. पेडण्यापासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत दशावतार बघत वाढलेल्याला अद्भुताचं वावडं कसं असेल? बाबांनी मला खांद्यावर बसवून पहिला दशावतारी काला दाखवला. मंडपात एक बाकडं, मागे एक पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. ते बाकडंच सिंहासन, तेच पर्वत, तेच रथ. काळ्या वेषातला संकासुर आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. कलाकार स्वतःचा पेटारा स्वतः आणायचे, देवळाच्या ओवरीत आरशाचा तुकडा लावून स्वतःच रंगायचे. अर्धवट रंगलेला राजा विडी ओढताना मी पाहिलाय, आणि तासाभराने त्याच राजाच्या शापाने माझ्या अंगावर काटा आलाय. विज्ञानकथाही आपल्याला नवी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची तरी गोष्ट पहिली आली, आणि ते जयंत विष्णु नारळीकर निघाले. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा मी वर्गात त्यांची गोष्ट वाचून दाखवली, अभ्यासक्रम बाजूला ठेवून.

त्या बाकड्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. जग उभं राहतं ते पैशावर नाही. 'द रिंग्ज ऑफ पॉवर'च्या पहिल्या सीझनवर सुमारे ४६ कोटी ५० लाख डॉलर खर्च झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं. तिच्यातले एल्फ नावाचे अद्भुत जीव, त्यांची चकचकीत चिलखतं, सोनेरी पानं, हे सगळं डोळ्यांना गोड आणि मला जरा निर्जीव वाटतं. पण खझाद-दूमला पोचलं की मालिका श्वास घ्यायला लागते. खझाद-दूम म्हणजे बुटक्यांचं डोंगराच्या पोटातलं राज्य, त्यांची खाण. युवराज डुरिनची बायको डीसा, सोफिया नॉमवेटे यांनी केलेली, डोंगरापुढे गाते. गाण्याचा नाद दगडातून कसा परत येतो त्यावरून कळतं कुठे खणायचं, कुठे बोगदा काढायचा आणि कुठे डोंगराला हात लावायचा नाही. पुढे खाण कोसळते, माणसं आत अडकतात, तेव्हा ती दगडांची विनवणी करत गाते, माझी माणसं परत द्या म्हणून.

तो प्रसंग मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. आमच्या तालुक्यात सातेरीला वारुळाच्या रूपात पुजतात. मातीचं ते उंच वारूळ म्हणजेच देवी, त्याला कुदळ लागत नाही. आणि त्याच तालुक्यात डोंगर पोखरून केलेले खड्डे आहेत, तळाशी हिरवं पाणी साचलेले, कडेला तांबड्या मातीचे डंप. हात लावायची जागा आणि न लावायची जागा शेजारी शेजारी. डीसा 'इथे नको' म्हणाली तेव्हा मला ते तत्त्वज्ञान वाटलं नाही, गावातल्या वडीलधाऱ्या बाईचं बोलणं वाटलं. मालिकेत पुढे राजाला हाव सुटते आणि तो नको तिथे खणत जातो. खाली काय झोपलेलं असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे.

खाणी बंद पडल्यावर काय होतं, याचं चित्र मात्र मला मंगळावर सापडलं. 'फॉर ऑल मॅनकाइंड' या मालिकेत १९६९ साली चंद्रावर पहिलं पाऊल सोव्हिएत माणसाचं पडतं, आणि तिथून इतिहास वेगळ्या वाटेने जातो. चौथा सीझन २००३ सालातला. चंद्रावरच्या हेलियम-३ मुळे स्वस्त ऊर्जा मिळाली आहे, जग खूष आहे, आणि तेलविहिरीवर काम करणारा माइल्स डेल घरी बसला आहे. प्रगतीने त्याचं पोट मारलं, आणि त्यासाठी कुणा एकाला दोषही देता येत नाही. म्हणून तो मंगळावर कामाला जातो. सांगितलेलं काम एक, हातात आलेलं दुसरं, कमी पगाराचं. वरच्या मजल्यांवर अंतराळवीर आणि खालच्या मजल्यांवर कामगार. आणि एक दिवस तिथे संप होतो. मंगळावर संप! बातमीत मोठ्या यानांची चित्रं असतात त्या ग्रहावर तळमजल्यातली माणसं हात बांधून बसतात. लेखकांचं मला फार कौतुक वाटलं. मंगळावर पोचल्यावर माणूस काय करेल या प्रश्नाला त्यांनी झेंडा लावेल असं उत्तर दिलं नाही, पगार मागेल असं दिलं.

गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग अटींवर सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. त्या खाणींनी शेतं बुडवली, झरे आटवले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण मांडवीत रांगेने नांगरून ठेवलेल्या बार्जी आणि घरी रेडिओशी खुडबुड करत बसलेले बाबा, हेही मी पाहिलंय. दोन्ही खरं. माइल्स डेलच्या गोष्टीत दोन्ही एकत्र मावतात, आणि मालिका त्यातल्या एकाला खोटं पाडत नाही. वर्तमानपत्रातल्या वादात ते मला मिळालं नव्हतं.

सगळ्याच मालिका या कसोटीला उतरतात असं नाही. 'फाउंडेशन'मध्ये ली पेस सम्राट म्हणून अप्रतिम आहे, पण एवढ्या मोठ्या साम्राज्यात आपण राजवाड्यातच फार वेळ असतो. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'ला मी बराच काळ तसंच समजत होते. मग दुसऱ्या सीझनमध्ये राजा एगॉन मुलाच्या खुनाचा सूड म्हणून राजवाड्यातल्या सगळ्या उंदीर मारणाऱ्यांना फासावर लटकवतो. खुनी त्यांच्यातला एक, पण कुठला ते ठाऊक नाही, म्हणून सगळे. भिंतीवर ओळीने लटकलेली ती माणसं, आणि खाली त्यांच्या घरच्यांचा आकांत. ड्रॅगनच्या लढाईपेक्षा तिथे मला राजसत्ता कळली. 'स्ट्रेंजर थिंग्ज'बद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर सगळेच बोलतात. शेवटचा भाग आपल्याकडे २०२६ च्या १ जानेवारीला सकाळी साडेसहाला आला, आणि मी चहा घेऊन बसले होते.

'सेव्हरन्स'मध्ये काम हाच राक्षस आहे. मेंदूत शस्त्रक्रिया करून माणसाचे दोन भाग केलेले. ऑफिसातल्याला घर आठवत नाही, घरातल्याला ऑफिस आठवत नाही. ऑफिसातला माणूस लिफ्टमध्ये जागा होतो आणि लिफ्टमध्येच मिटतो, त्याला आभाळ ठाऊक नाही. हेली नावाची मुलगी राजीनामा द्यायला बघते, आणि तिचंच बाहेरचं रूप तो नामंजूर करतं. ब्रिट लोअर यांना २०२५ चं एमी मिळालं ते अगदी योग्य. आमच्या शेजारचा मुलगा क्रूझ जहाजावर स्वयंपाकघरात आहे. सहा-आठ महिने तिकडे, मग इकडे. तिकडे तो कसा असतो ते त्याच्या आईला माहीत नाही, आणि विचारलं तर तो हसून विषय बदलतो. गोव्यात अशी घरं खूप. त्याला मी ही मालिका सुचवली. पहिला सीझन पाहून त्याने जहाजावरून मला लांबलचक आवाजी निरोप पाठवला. त्यातलं काही इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये जवळजवळ तीन वर्षं लावली, याबद्दल मात्र माझा राग आहे. आणि 'द व्हील ऑफ टाइम' तिसऱ्या सीझनमध्ये ऐन रंगात आली असताना २०२५ च्या मेमध्ये बंद केली, त्याचा तर जास्तच.

फोंड्याला माझा भाचा शिगम्यात चित्ररथ करणाऱ्या मुलांत असतो. लोखंडी सळ्या, बांबू, कापड, रद्दी, वायपरच्या मोटारी. त्यातून वीस-पंचवीस हात उंच राक्षस उठतो, मान फिरवतो, जबडा उघडतो. पोटात चार मुलं घामाघूम होऊन दोऱ्या ओढत असतात. त्याला मी 'मॅन्डलोरियन'मधल्या ग्रोगूबद्दल सांगितलं. ते इवलंसं हिरवं बाळ म्हणजे बाहुलं आहे आणि ते हलवायला अनेक माणसं लागतात, कान एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे. तो लगेच म्हणाला, "मावशी, मग तेही आमच्यासारखेच ओरडत असतील, आता कान, आता डोळे!" असतीलच. तेव्हापासून तो श्रेयनामावली पळवत नाही. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसतो, सुतार कोण, रंगारी कोण, बाहुली हलवणारे कोण, हे वाचत.

म्हणूनच विन्स गिलिगन यांच्या 'प्लुरिबस'ची श्रेयनामावली आम्हाला फार आवडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली. सहाशे प्रकाशवर्षांवरून एक संदेश येतो, त्यातून विषाणू बनतो, आणि जगातली बहुतेक सगळी माणसं एकच मन होऊन जातात, प्रेमळ, शांत, मदतीला तत्पर. मोजकी माणसं तेवढी वेगळी राहतात. त्यांतली एक कॅरल, रिआ सीहॉर्न यांनी केलेली चिडकी लेखिका. ती सुपरमार्केटमध्ये जाते तर फळ्या रिकाम्या. अन्न एका ठिकाणी नेऊन वाटणं सोयीचं म्हणून त्या एकमनाने सगळं हलवलेलं. तिला मात्र पहिल्यासारखं स्वतः वाणसामान आणायचंय. मग ट्रक येतात, माणसं उतरतात, आणि तिच्या एकटीसाठी अख्खं दुकान बघता बघता पुन्हा भरून देतात. कुणी कुणाला हाक मारत नाही, सूचना देत नाही. इतकं सुरळीत काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि ते बघताना मला अस्वस्थ झालं, कारण त्या भरणाऱ्यांतल्या एकालाही स्वतःची पाठ दुखत नाही. या मालिकेच्या शेवटी एक ओळ येते: ही मालिका माणसांनी बनवली आहे. भाच्याने यंदाच्या चित्ररथाच्या मागच्या बाजूला तशीच पाटी लावायचं ठरवलंय, खाली सगळ्या मुलांची नावं.

कुणी मला कुठून सुरुवात करू असं विचारलं तर मी हल्ली 'सायलो' सांगते. जमिनीत खोल गेलेलं १४४ मजल्यांचं कोठार, त्यात हजारो माणसं, बाहेरची हवा विषारी असं सांगितलेलं, आणि लिफ्ट नाही. सामान पाठीवर घेऊन जिने चढणारे हमाल आहेत, आणि अगदी तळाशी यंत्रशाळा. पहिले दोन भाग जरा धीराने घ्या. तिसऱ्या भागात जनरेटर दुरुस्त करायचा असतो. तो थांबवला की वाफ साठत जाते आणि ठरावीक वेळात काम झालं नाही तर सगळं कोठार संपणार. रिबेका फर्ग्युसनची ज्युलिएट तापलेल्या झडपेवर पाण्याचा फवारा मारत आत उभी राहते आणि वर बाकीचे पाती सरळ करत असतात. एक जनरेटर, काही पाने, हातोडे आणि काम जाणणारी माणसं. खलनायक नाही, बंदूक नाही. बाबांनी तो भाग उभं राहून पाहिला आणि मधेच माझ्यावर ओरडले, पाणी कमी पडतंय म्हणून. तिथवर पोचा, आणि मग मला नक्की सांगा, कारण ज्युलिएटवर बोलायला मला घरात एकच माणूस आहे आणि तो अजून किनोवरच अडलाय.